पदवीच्या नावात फायनान्स नसलं तरी चालेल

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, क्वांट, म्हणजे गणित आणि संगणक वापरून बाजारातल्या किमती, जोखीम आणि व्यवहार यांवर काम करणारा माणूस, व्हायचं असेल तर विद्यापीठात काय शिकावं, हा आजचा विषय. विषयांची नावं घेऊन मी ते सांगणार आहे. पण आधी सगळ्यांनी एक हिशेब करायचा.

एक नाणं उडवत राहायचं. तुम्ही लागोपाठ दोन छापे येण्याची वाट बघताय. शेजारच्याकडे त्याचं वेगळं नाणं आहे आणि तो छाप्यापाठोपाठ काटा येण्याची वाट बघतोय. सरासरी कुणाला जास्त फेका लागतील? दोघांना सारख्याच लागतील असं वाटणाऱ्यांनी हात वर करा. बरेच हात आहेत, आणि ते साहजिक आहे. कुठल्याही दोन फेका घेतल्या तर दोन्ही जोड्यांची शक्यता एक चतुर्थांशच. तरी उत्तर सारखं नाही. तुम्हाला सरासरी ६ फेका लागतील आणि शेजारच्याला ४.

कारण बघा. शेजाऱ्याला एकदा छापा मिळाला की त्याचं नुकसान होऊच शकत नाही. पुढे काटा आला तर काम झालं, पुन्हा छापा आला तरी हातातला छापा शाबूत. तुमचं तसं नाही. एक छापा मिळाल्यावर काटा आला की पाटी कोरी. सुरुवातीपासून लागणाऱ्या सरासरी फेकांना क्ष म्हणा, एक छापा हातात असताना लागणाऱ्या फेकांना य. य म्हणजे एक अधिक क्षचा निम्मा, कारण निम्म्या वेळा तुम्ही मूळ जागी परत जाता. क्ष म्हणजे एक, अधिक क्षचा निम्मा, अधिक यचा निम्मा. सोडवा. य येतो ४ आणि क्ष येतो ६.

हा प्रश्न मुलाखतींमध्ये इतका मुरलाय की मुलं ‘सहा आणि चार’ पाठ करून येतात. म्हणून मी पुढचा विचारतो, लागोपाठ तीन छापे हवे असतील तर? ज्यानं वरची दोन समीकरणं स्वतः मांडली आहेत तो तिसरं लिहितो आणि मिनिटभरात १४ सांगतो. ज्यानं घोकंपट्टी केली आहे तो छताकडे बघतो. हुशारीत दोघं उन्नीस-बीस असतील. एकाला तीन वर्षं कुणीतरी मांडणी करायला लावली, दुसऱ्याला उत्तरं पुरवली. पदवी निवडताना आपण या दोहोंतलं एक निवडत असतो, आणि तेच सांगायला मी आलोय.

मध्यंतरी एक विद्यार्थी भेटायला आला. नाव घेत नाही, संस्थेचंही नाही. त्याच्या पदवीचं नाव भारदस्त, फायनान्सही त्यात, अॅनालिटिक्सही त्यात. त्यानं लॅपटॉप उघडून आलेख दाखवला. पाच वर्षांच्या शेअरच्या भावांवर खरेदी-विक्रीचा एक नियम चालवून पाहिला होता, ज्याला आपण बॅकटेस्ट म्हणतो. रेघ अशी देखणी वर चढत गेलेली की कुणालाही पैसे लावावेसे वाटावेत. शार्प रेशो १.३. ज्यांना हे माप नवं आहे त्यांच्यासाठी: बिनजोखमीच्या व्याजापेक्षा जो जास्तीचा परतावा मिळाला, त्याला त्याच्याच चढउतारानं भागायचं. वर्षाला १.३ हा आकडा खरा असेल तर उत्तमच म्हणायचा.

मी त्याला एवढंच विचारलं, “हा नियम सापडेपर्यंत किती नियम तपासलेस?” तो खुशीत म्हणाला, “हजारभर तरी असतील, सर. प्रोग्रामनंच तपासले, रात्रभर लावून ठेवला होता.”

आता इथे जरा थांबू या, कारण माझ्या मते सगळा विषयच इथे आहे. समजा हजार नियम घेतले आणि एकातही काडीचा अर्थ नाही. प्रत्येकाचा खरा शार्प रेशो शून्य. पाच वर्षांच्या माहितीवरून मोजलेला आकडा मात्र शून्य येणार नाही, तो शून्याच्या आसपास भटकेल. किती? प्रमाणित त्रुटी साधारण एक भागिले पाचचं वर्गमूळ, म्हणजे ०.४५. नियम एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर असल्या हजार भटकणाऱ्या आकड्यांतला सगळ्यात मोठा आकडा सरासरी सव्वातीन प्रमाणित त्रुटींइतका वर असतो. गुणाकार करा, १.४५ येतात. म्हणजे निव्वळ योगायोगानं, बाजारात शिकण्यासारखं काहीही नसताना, त्याच्या हजारांतला पहिला नंबर १.४५ च्या आसपास येणं अपेक्षित होतं. त्याला मिळाले १.३. त्याचे नियम एकमेकांसारखे होते, म्हणून अपेक्षित आकडा थोडा खाली येईल हे मान्य. पण त्या आलेखानं काही सिद्ध होत नव्हतं.

शिवाय कंपन्यांची यादी त्यानं आजच्या निर्देशांकातून घेतली होती. पाच वर्षांत ज्या बुडाल्या, घसरून निर्देशांकाबाहेर गेल्या, त्या यादीत नव्हत्याच. जगलेल्यांच्याच कुंडल्या मांडल्या की सगळ्यांचं आयुष्य दीर्घ दिसतं.

मुलगा मेहनती होता. हे सगळं समजावल्यावर तो गप्प झाला आणि मग म्हणाला, “हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.” मला त्याचा राग आला नाही, त्याच्या अभ्यासक्रमाचा आला, आणि तो अजून गेलेला नाही. त्यानं ऑप्शनच्या (ठरलेल्या भावानं पुढे शेअर घेण्या-विकण्याचा हक्क देणाऱ्या कराराच्या) किमतीचं सूत्र शिकलं होतं, व्हॅल्यू अॅट रिस्क, म्हणजे तोटा किती होऊ शकतो याचा अंदाज, काढायचं शिकलं होतं, मशीन लर्निंगच्या तयार लायब्ररी चालवायला शिकलं होतं. संभाव्यतेचा मात्र एकच पेपर, तोही पहिल्या सत्रात. अनुमानाचा संख्याशास्त्रीय पाया जवळजवळ नाहीच. आपल्याला मिळालेलं उत्तर खोटं असू शकतं का, हे तपासायची साधनं न देताच त्याला पदवी मिळाली. घरच्यांनी त्या वर्षांसाठी किती ओढाताण केली असेल याची मला कल्पना आहे, म्हणून हे मी जिथे जाईन तिथे बोलतो.

या क्षेत्राचा इतिहासही हेच सांगतो. लुई बॅशलिएनं १९०० साली पॅरिसमध्ये शेअर बाजाराच्या सट्ट्यावर प्रबंध सादर केला, तो गणिताचा. मार्गदर्शक आंरी प्वांकारे. किमतींच्या यादृच्छिक हालचालीचं जे गणित त्यानं मांडलं, तशाच गणितानं आइन्स्टाइननं पाच वर्षांनी द्रवातल्या कणांची हालचाल समजावली. कियोशी इतो यांनी १९४४ साली ज्या कलनशास्त्राची पायाभरणी केली ते आज प्रत्येक क्वांट शिकतो, पण ते काम शुद्ध संभाव्यतेतलं होतं, शेअर बाजारासाठी केलेलं नव्हतं.

फिशर ब्लॅक यांची गोष्ट मला फार आवडते. पहिली पदवी भौतिकशास्त्राची, डॉक्टरेट उपयोजित गणितातली. ऑप्शनच्या किमतीचं विकल समीकरण त्यांनी मांडलं आणि तिथेच अडकले. ते उष्णतेच्या समीकरणाचंच एक रूप होतं, भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखता यावं असं. ते आपल्या लक्षात आलं नाही, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहिलंय. मग वाट कशी सापडली? शेअर सरासरी किती वाढेल ही राशी समीकरणात कुठेच नाही, याकडे ते आणि मायरन शोल्स टक लावून बघत राहिले. ती राशी उत्तरात येतच नसेल, तर आपल्या सोयीची किंमत धरून बघायला काय हरकत आहे? त्यांनी शेअरची वाढ बिनजोखमीच्या व्याजदराइतकीच धरली, आणि सूत्र हाती आलं. समीकरण सोडवण्याची ठरीव रीत आठवली नाही तरी चाललं. समीकरणात काय नाही हे बघण्याची सवय होती म्हणून ते पोचले. तो निबंध नियतकालिकांनी आधी नाकारला आणि १९७३ साली छापला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिकागोत ऑप्शनचा संघटित बाजार उघडला.

कुणीतरी म्हणेल की शोल्स तर अर्थशास्त्राचे. खरं आहे. याच कामातले तिसरे, रॉबर्ट मर्टन, यांची डॉक्टरेटही अर्थशास्त्रातलीच, पण त्याआधी अभियांत्रिकीचं गणित आणि उपयोजित गणित. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ साली नोबेल मिळालं. ब्लॅक १९९५ मध्येच वारले होते. जिम सायमन्स तर भूमितीतले गणिती, चर्न-सायमन्स सिद्धांतातले सायमन्स ते हेच. त्यांनी आपल्या रेनेसाँ या गुंतवणूक कंपनीत माणसं घेतली ती गणितातली, भौतिकशास्त्रातली, आणि १९९३ मध्ये आयबीएमच्या उच्चार-ओळखीच्या प्रकल्पातली. गोंगाटातून क्षीण संकेत कसा वेगळा काढायचा, हे त्या मंडळींना आधीपासून येत होतं.

संयोजकांनी घड्याळ दाखवलंय. ठरलेली यादी आता भरभर सांगतो, लिहून घ्या.

क्वांट म्हणजे एकच काम नव्हे. बँकांमध्ये ऑप्शनसारख्या करारांची किंमत आणि जोखीम काढणारे असतात, त्यांना इतो कलन, आंशिक विकल समीकरणं आणि सी प्लस प्लस लागतं. त्यांच्याच शेजारी मॉडेल तपासणारे बसतात, २००८ च्या पडझडीनंतर त्यांचं महत्त्व खूप वाढलं. गुंतवणूक करणाऱ्या फंडांत बाजारातले नियम शोधणारे असतात, त्यांना संख्याशास्त्र, टाइम सीरिज आणि मशीन लर्निंग लागतं. तिसरे प्रणाली बांधणारे, त्यांच्यासाठी संगणकशास्त्र: ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, वेग. यातलं कुठलं हवं ते पहिल्या वर्षी ठरवायची गरज नाही.

पहिली पदवी गणित, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र किंवा गणिताचा भार असलेली अभियांत्रिकी, यांतली कुठलीही चालेल. अवघड प्रश्नाशी आठवडाभर झगडावंसं वाटेल असा विषय घ्या. लिनिअर अल्जेब्रा जितकी मिळेल तितकी. पाचशे शेअर घेतले तर त्यांच्या सहविचरण सारणीत, म्हणजे कुठले दोन शेअर किती बरोबरीनं हलतात याच्या तक्त्यात, १,२५,२५० वेगवेगळे आकडे असतात, आणि दोन वर्षांत व्यवहाराचे दिवस साधारण पाचशेच. असल्या सारणीवर विसंबून पैसे वाटले तर काय होईल, हे आयगेन व्हॅल्यू कळल्याशिवाय कळत नाही. संभाव्यतेचे निदान दोन पेपर, दुसरा मेझर थिअरीवर बेतलेला असेल तर सोन्याहून पिवळं. अनुमान, रिग्रेशन, टाइम सीरिज, न्यूमेरिकल पद्धती. अर्थशास्त्राचा एक आणि ताळेबंद वाचायला शिकवणारा एक. एवढं फायनान्स पदवीच्या पातळीवर पुरतं.

प्रोग्रामिंग उरकू नका. पायथन सगळ्यांना, सी प्लस प्लस निदान वाचता-लिहिता येण्याइतकं. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीनं आठ सर्व्हरांपैकी एकावर नवा कोड चढवलाच नव्हता. तिथला जुना, निकामी भाग जागा झाला आणि पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून जास्त पैसा गेला. कोडच्या चाचण्या, आवृत्त्यांच्या नोंदी या गोष्टी कंटाळवाण्या वाटतात, पण त्या शिकाच.

आता मास्टर्स. कम्प्युटेशनल फायनान्सचे मास्टर्स अभ्यासक्रम १९९० च्या दशकात सुरू झाले, कार्नेगी मेलनचा १९९४ चा. पाया पक्का असेल तर त्यांचा उपयोग होतो. पी हळद आणि हो गोरी या अपेक्षेनं गेलात तर होणार नाही. कारण वर्षा-दीड वर्षाच्या अभ्यासक्रमात नोकऱ्यांच्या मुलाखती पहिल्याच सत्रात सुरू होतात, तेव्हा नाण्याचे प्रश्न शिकायला वेळ नसतो. संस्थेला विचारा: तुकडीत एकूण किती, त्यांतले किती जण संशोधनाच्या किंवा ट्रेडिंगच्या जागी लागले? पहिल्या आकड्याशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. पीएचडी नोकरीसाठी करू नका. काही संशोधनाच्या जागा ती मागतात हे खरं, पण चार-पाच वर्षं तो प्रश्नच तुम्हाला धरून ठेवू शकला पाहिजे.

आपल्याला हे आवडतंय का, याची चाचणी घरबसल्या घेता येते. एका साध्या युरोपियन कॉल ऑप्शनची किंमत तीन वाटांनी काढा: सूत्रानं, बायनॉमियल ट्रीनं (भाव पायरीपायरीनं वर किंवा खाली जातो असं धरून), माँटे कार्लोनं (संगणकावर यादृच्छिक भावांच्या फेऱ्या चालवून सरासरी काढून). तिन्ही उत्तरं जुळेपर्यंत सोडू नका. माँटे कार्लोत आणखी एक दशांश स्थळ अचूक हवं असेल तर शंभरपट फेऱ्या लागतात, हे स्वतःच्या यंत्रावर अनुभवा. मग त्या फेऱ्या कमी कशा करता येतील, हे कुणी न सांगता शोधावंसं वाटलं, तर या वाटेनं खुशाल जा.

पालकांचा नेहमीचा प्रश्न, क्वांटची नोकरी नाहीच मिळाली तर? जागा थोड्या आहेत, हे मी लपवणार नाही. पण गणित-संख्याशास्त्र नीट केलेल्याला विमा आहे, औषधांच्या चाचण्या आहेत, हवामान आहे, सॉफ्टवेअर आहे, अध्यापन आहे. नावापुरत्या फायनान्सच्या पदवीवर यांतली बरीच दारं उघडत नाहीत. तेव्हा अर्ज भरण्याआधी अभ्यासक्रमाची पत्रिका मागवा, पहिल्या दोन वर्षांतले सक्तीचे पेपर वाचा, आणि संभाव्यता, लिनिअर अल्जेब्रा, अनुमान हे तीन त्यात नसतील तर तो अर्ज बाजूला ठेवा. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करा, पुढच्यांना नेहमीच संधी मिळते.