टीडीएस 480, पण जंतूंचं काय?

(दृश्य: सोसायटीच्या पार्किंगमधली बोअर)

महापालिकेची लाइन आली नाही, म्हणून बोअर मारली, पंप सोडला, टाकी भरली. पुण्याच्या हद्दीवरच्या कितीतरी सोसायट्यांचं पाणी असंच चालतं. पाणी कसं आहे विचारलं, की कुणीतरी पेनाएवढा मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतं. टीडीएस 480. झालं समाधान!

हा मीटर टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. सेप्टिक टँकमधून झिरपलेले जंतू त्याला कळत नाहीत.

(दृश्य: बोअरच्या तोंडाजवळ)

इकडच्या काळ्या कातळात साडेसहा इंची बोअर मारताना केसिंग पाइप (भोक ढासळू नये म्हणून आत बसवलेला पाइप) माती-मुरमापुरताच घालतात, खाली उघडा खडक. पाइपचं बूड कातळात घट्ट बसलं नाही, बाहेरची फट सिमेंटनं भरली नाही, तर वरचं सांडपाणी त्या फटीतून सरळ आत उतरतं. मोठ्या पावसानंतर बोअरला गढूळ पाणी आलं, तर पहिला संशय केसिंगवर घ्यावा. पाइप जमिनीच्या वर फूटभर तरी हवा, भोवती बाहेर उताराचा ओटा हवा. इथे तो फरशीलगत कापलाय, गाडी लावायला अडतो म्हणून. बोअरकॅपमधलं केबलचं भोकही उघडंच; झुरळांची सोय झाली.

गावातल्या सार्वजनिक स्रोतांची आरोग्य विभाग पाहणी करतो आणि धोक्यानुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. सोसायटीच्या बोअरला कार्ड नाही. 2025 च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गुलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा कुठे महापालिकेनं खासगी आरओ प्रकल्प तपासून सील केले. एरवी जबाबदारी कमिटीचीच.

(दृश्य: बादलीत पावडर कालवताना)

हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. वीस हजारांच्या टाकीला शंभर ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत. अर्धा तास थांबून मगच पाणी सोडायचं. पोतं उघडं राहिलं की पावडरीतला क्लोरीन उडतो. मापानं टाकूनही उपयोग होत नाही, आणि ही चूक फार ठिकाणी दिसते. म्हणून बादलीवर विसंबू नये, शेवटच्या घरातल्या नळाला ओटी टेस्ट करावी, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाणी क्लोरीननं पिवळं होतं का ते बघावं. रंग लगेच बघायचा. रेंगाळून येणारा पिवळेपणा मोकळ्या क्लोरीनचा नसतो. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरायला हवा.

सांडपाण्यातून, खतांतून उतरणाऱ्या नायट्रेटवर मात्र क्लोरीनचा उपाय चालत नाही, उकळूनही ते जात नाही, उलट दाट होतं. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. त्यावर गेलं तर तान्ह्या बाळाला ते पाणी देऊ नका.

पावसाळ्याआधी आणि नंतर नमुने प्रयोगशाळेत द्या. जंतूंसाठी तिथलीच निर्जंतुक बाटली घ्या, काठोकाठ भरू नका, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, अजिबात सापडता कामा नये. बोअरचा नमुना वेगळा, नळाचा वेगळा. बोअरचा चांगला आणि नळाचा खराब निघाला, तर आधी टाकीचं झाकण उघडून बघा.