किती टक्के?

[पडद्यावर: एका कार्यालयाचा व्हरांडा. कॅमेरा जमिनीलगत. चपलांची रांग, कॅलिपर लावलेला एक पाय, व्हीलचेअरची पुढची दोन लहान चाकं.]

"किती टक्के?"

टेबलामागून आलेला हा प्रश्न रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जातो.

"साठ."

"कशामुळं? नेमका त्रास काय?"

उत्तर देणारी बाई तिशीतली. तिच्या मागं तिच्याच गल्लीतले दोघं उभे होते. मणक्याला मार लागल्यापासून लघवीवर ताबा नाही, पिशवी लावावी लागते, हे तिनं गल्लीत कधी कुणाला कळू दिलं नव्हतं. त्या दिवशी ते सगळ्यांसमोर बोलावं लागलं. हा प्रसंग या माहितीपटात सांगायला तिनं आम्हाला परवानगी दिली आहे. नाव, गल्ली आणि कार्यालय सांगू नका, एवढीच तिची अट होती.

सवलत देताना दिव्यांगत्वाची टक्केवारी पाहावी लागते, हे खरंच. पण ती दिव्यांगांच्या ओळखपत्रावर, म्हणजे कार्डावर, छापलेली असते. २०२४ च्या नियमांनंतर तर नव्या कार्डाचे रंगही ठरले आहेत: ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, त्यावर पिवळं, ८० आणि त्याहून जास्त असेल तर निळं. कार्ड हातात घेतलं की कळतं. मग ते तोंडानं, चारचौघांत, का वदवून घ्यायचं?

[पडद्यावर: दसरा चौक. सिग्नलच्या वर फ्लेक्स. फ्लेक्सवरचे चेहरे पुसट केलेले.]

कोल्हापुरात फ्लेक्स कशाचाही लागतो. वाढदिवसाचा, निवडीचा, तालमीच्या यशाचा आणि साहित्य वाटपाचाही. ग्रामपंचायत असो की महापालिका, आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. या पैशातून मिळणारी तीनचाकी ही देणगी नव्हे, ती हक्काची आहे. तरी ती मिळते स्टेजवर, हार घालून, एका हाताला पाच हात लावून.

अशीच तीनचाकी मिळालेल्या एका मामांना आम्ही भेटलो. ते म्हणाले, "सायकल चांगलीच हाय. पण फोटो कोपऱ्यावर लागला त्याच आठवड्यात पोरीला बघायला पाव्हणं यायचं होतं. माझं पाय त्यास्नी आधी फ्लेक्सवर दिसलं."

त्यांनी कुठं सही केली होती? एकाच कागदावर, एकदाच. वर लिहिलं होतं 'साहित्य मिळाले'. खाली बारीक अक्षरात फोटोची परवानगी. तो कागद मामांना कुणी वाचून दाखवला नव्हता.

आमचं म्हणणं इथं स्पष्ट आहे. साहित्य मिळाल्याची पोच एका कागदावर घ्यावी आणि फोटोची परवानगी दुसऱ्यावर. दोन्ही एकत्र घेतलं की 'फोटो नको' म्हणायला जागाच उरत नाही, कारण समोर सायकल उभी असते. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदाही हेच सांगतो. संमती मोकळेपणानं, एका ठरावीक कारणासाठी, समजून-उमजून आणि कसलीही अट न घालता दिलेली हवी. ती मागणारी सूचना मराठीतून मिळण्याची सोय हवी. आणि दिलेली संमती परत घेता आली पाहिजे, देताना जितकी सोपी होती तितक्याच सहज.

[पडद्यावर: राजारामपुरीतलं एक घर. टेबलावर चित्रांचा तक्ता: पाणी, दुखतंय, बाहेर, थांब, नको.]

ही खोली चोवीस वर्षांच्या एका मुलीची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळं हालचालींवर नीट ताबा राहत नाही. बोलते, पण शब्द सावकाश येतात. थकली की तक्त्यावर बोट ठेवते. पहिल्या दिवशी आम्हीही तीच चूक केली. प्रश्न तिचे होते, पण आम्ही ते तिच्या आईला विचारत होतो.

आई म्हणाल्या, "सही मीच करते सगळीकडं."

तेवढ्यात आतल्या बाजूनं आवाज आला, तुटक पण खणखणीत. "माझं... मी सांगतो की."

कोल्हापूरची पोरगी 'सांगतो'च म्हणणार. आमच्या आखलेल्या शूटिंगचा दिवस तिथंच संपला.

अनेक घरांत ठाऊक नसलेली एक गोष्ट आहे. मूल १८ वर्षांचं झालं की आई-वडील त्याचे आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमू शकते. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांग व्यक्तीची स्वतः निर्णय घेण्याची क्षमता मान्य केली आहे. मर्यादित पालकत्वातही, म्हणजे ठरावीक निर्णयापुरता पालक नेमला तरी, निर्णय दोघांनी मिळून, एकमेकांच्या विश्वासानं घ्यायचा असतो. पालकाची सही म्हणजे त्या माणसाचं मत नव्हे.

'त्यांना काय कळतंय' हे वाक्य या शहराला तर शोभतच नाही. स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या नसीमा हुरजूक यांच्या पुढाकारानं १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही दिव्यांगांसाठीची संस्था इथंच उभी राहिली.

[पडद्यावर: वर्गखोली. शिक्षिकेचे हात. टेबलावर दोन फोटो.]

आता जरा थांबून बघू, कारण खरं कसब इथं आहे.

बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेकांना होकाराची सवय लावलेली असते. लहानपणापासून 'हो' म्हटलं की शाबासकी मिळते. या विशेष शिक्षिकांनी एका मुलाला आमच्यासमोर विचारलं, "कॅमेरा चालेल?" तो म्हणाला, "हो." थोड्या वेळानं विचारलं, "कॅमेरा नको ना?" तो म्हणाला, "हो."

अशा होकारावर आम्ही चित्रण केलं असतं तर?

मग त्यांनी दोन फोटो मांडले. एकात त्याचा चेहरा, दुसऱ्यात नुसते हात. "यातला कुठला सगळ्यांनी बघायचा?" त्यानं हातांवर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी फोटोंच्या जागा बदलून पुन्हा विचारलं. बोट पुन्हा हातांवरच. त्याला काय समजलं ते त्यानं आपल्या शब्दांत सांगितलं: "टीव्हीत हात. तोंड न्हाई."

तुम्हाला आत्ता पडद्यावर दिसतायत ते त्याचेच हात.

बहिऱ्या व्यक्तीसाठी हेच काम सांकेतिक भाषेचा दुभाष्या करतो, आणि तो शक्यतो घरातला नसावा. डॉक्टरला सांगायच्या काही गोष्टी भावाच्या तोंडून जाऊ नयेत असं कुणालाही वाटेल. दृष्टिहीन व्यक्तीला अर्ज पूर्ण वाचून दाखवावा, नुसतं 'इथं अंगठा' म्हणू नये.

न विचारल्याची किंमत महाराष्ट्रानं पाहिली आहे. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींवर गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. कारण दिलं गेलं ते पाळीच्या दिवसांतल्या स्वच्छतेचं. आरडाओरडा झाला तेव्हा उरलेल्या थांबल्या. २०१६ च्या कायद्यानुसार आता मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारा कुठलाही उपचार करता येत नाही. या एका कलमामागं त्या मुली उभ्या आहेत.

[पडद्यावर: पलंग, भिंतीला लावलेली दोरी, तिच्यावर सुती पडदा.]

मोठ्या कायद्यांतून पुन्हा एका खोलीत येऊ. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं. या खोलीत तो हक्क म्हणजे हा पडदा. डायपर बदलताना तो ओढायचा, बस्स. पडदा नव्हता तेव्हा दार उघडंच असायचं आणि दूधवाला, शेजारी, कुणीही डोकावून जायचं.

इथं देखभाल करणाऱ्या मावशी रोज सकाळी अंगाला हात लावायच्या आधी विचारतात, "ताई, कूस बदलू का?" उत्तर यायला कधी अर्धा मिनिट लागतो. त्या तोवर हात मागं घेऊन उभ्या राहतात.

असं किती दिवस विचारणार, म्हटल्यावर मावशी म्हणाल्या, "रोजच. काल व्हय म्हणली म्हणून आज व्हयच म्हणंल असं कुटं असतंय?"

आणि एक विनंती, शाळा आणि उपचार केंद्रांना. मुलाला फिट आल्याचा व्हिडिओ पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. त्यावर पन्नास जणांची बोटं फिरतात. डॉक्टरला दाखवायचा असेल तर डॉक्टरलाच पाठवा.

[पडद्यावर: काही क्षण काळा पडदा.]

इथं एका तरुणाची मुलाखत होती. चित्रण झालं, तेव्हा त्याची परवानगी होती. महिन्यानं त्याचा फोन आला, "दादा, नोकरी लागली, नको आता ते." आम्ही ती काढून टाकली, मूळ फायलीसकट. कारण विचारलं नाही.

[पडद्यावर: संध्याकाळ. रंकाळ्याचा काठ.]

कच्ची फिल्म तयार झाली तेव्हा राजारामपुरीत जाऊन त्या मुलीला दाखवली. तिनं दोन ठिकाणी तक्त्यावरच्या 'नको'वर बोट ठेवलं. एक जेवण भरवतानाचं दृश्य होतं, दुसरं आईचे डोळे भरून आल्याचं. दोन्ही आम्ही काढली.

शेवटचं दृश्य तिनं स्वतः सुचवलं. बॅटरीची खुर्ची, रंकाळा, मावळतीचा उजेड.

"पाठीमागनं घ्या," ती म्हणाली. थोडं थांबून पुढचे शब्द जुळवले. "ढकलणारं... कुणी नको त्यात. चालवतो मी."