झाडांसारखी माणसं

(दृश्य: गालील सरोवर, पहाट. पाण्यावर एक नाव.)

नावेत एकच भाकर आहे आणि शिष्यांना तिचीच काळजी लागली आहे. येशू त्यांना विचारतो, "डोळे असून तुम्हाला दिसत नाही का?"

मार्कच्या शुभवर्तमानातला, म्हणजे येशूची जीवनकथा सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकातला, हा आठवा अध्याय. नाव बेथसैदाला लागते. लोक एका आंधळ्याला घेऊन येतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांना थुंकी लावतो, त्याच्यावर हात ठेवतो. मग विचारतो, "काही दिसतंय का?"

तो माणूस मान वर करून बघतो. "माणसं दिसतात. पण झाडांसारखी. चालणारी झाडं."

येशू पुन्हा एकदा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो. आता सगळं लख्ख दिसू लागतं.

दोनदा स्पर्श करून बरं केल्याची ही एकच गोष्ट, आणि ती फक्त मार्क सांगतो. मत्तय आणि लूक या दुसऱ्या शुभवर्तमानकारांनी ती घेतलेली नाही. मार्कनं मात्र ती अगदी जाणून या जागी ठेवली आहे, असं मला वाटतं. कारण पुढच्याच प्रसंगात पेत्र हा शिष्य म्हणतो, "आपण ख्रिस्त आहात," म्हणजे देवानं पाठवलेला तारणारा राजा. बरोबर ओळखलं! पण आपल्याला दुःख सोसावं लागेल, जिवे मारलं जाईल, असं येशू सांगू लागतो, तेव्हा हाच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. पेत्रालाही अजून झाडंच दिसताहेत.

येशू आपल्या मरणाविषयी तीनदा सांगतो. दुसऱ्या वेळेनंतर शिष्यांचा वाद चालतो, आपल्यात मोठा कोण. तिसऱ्या वेळेनंतर याकोब आणि योहान हे शिष्य येशूच्या वैभवात त्याच्या उजवी-डावीकडची आसनं मागतात.

(दृश्य: गर्दी. एका बापाचे हात, त्यात मुलाचं डोकं.)

याच वाटेवर एक बाप भेटतो. मुलाला झटके येतात, तोंडाला फेस येतो, कधी तो विस्तवात पडतो, कधी पाण्यात. "आपल्याला काही करता येत असेल तर," बाप म्हणतो. त्या "तर"पाशी येशू त्याला थांबवतो: विश्वास ठेवणाऱ्याला सर्व काही शक्य आहे. आणि बाप ओरडतो, "माझा विश्वास आहे! माझा अविश्वास घालवा!"

याहून खरी प्रार्थना मला शुभवर्तमानांत सापडलेली नाही. आधी पुरता विश्वास आण, मग बघू, असं येशू त्याला म्हणत नाही. तेवढ्यावरच तो मुलाला बरं करतो.

(दृश्य: यरीहोचा रस्ता, धूळ.)

यरीहो समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २५० मीटर खाली आहे. इथून यरुशलेमची चढण सुरू होते. वाटेच्या कडेला आंधळा बार्तीमय भीक मागत बसला आहे. मार्क बऱ्या झालेल्यांची नावं सहसा सांगत नाही, याचं सांगतो. जो चालला आहे तो नासरेथकर येशू, एवढंच त्याच्या कानावर येतं. तो हाक मारतो ती मात्र वेगळीच: "दाविदाच्या पुत्रा, माझ्यावर दया करा!" दाविदाचा पुत्र म्हणजे दावीद राजाच्या वंशातला, ज्याची वाट पाहिली जात होती तो ख्रिस्त. मार्कच्या शुभवर्तमानात येशूला या नावानं पहिल्यांदा हाक मारली ती या आंधळ्यानं. लोक त्याला गप्प करायला बघतात. तो आणखी मोठ्यानं ओरडतो.

येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो. बार्तीमय अंगावरचं वस्त्र भिरकावून उठतो.

"तुझ्यासाठी मी काय करावं?" थोड्याच वेळापूर्वी याकोब आणि योहान यांनाही येशूनं हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी आसनं मागितली होती.

"रब्बूनी (माझ्या गुरुजी), मला दिसावं."

"जा, तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं आहे." इथल्या मूळ ग्रीक क्रियापदात बरं करणंही आहे आणि तारणंही.

जा म्हटलं, तरी बार्तीमय घरी जात नाही. तो येशूच्या मागे त्याच वाटेनं निघतो. मार्कच्या पुढच्याच ओळीत यरुशलेम जवळ आलेलं असतं.