शिट्टी नसलेल्या कुकरमधला भात

श्रोतेहो,

इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आपल्या स्वयंपाकघरांत आला आणि त्याच्यापाठोपाठ एक तक्रार आली: याला शिट्टी नाही, मग भात झाला हे कळायचे कसे? आज मी मुख्यतः या एका तक्रारीबद्दल बोलणार आहे, कारण तिच्यात पाणी किती घालावे, वेळ किती लावावा आणि झाकण केव्हा उघडावे हे तिन्ही प्रश्न दडलेले आहेत.

गॅसवरच्या कुकरची शिट्टी नेमके काय करते, ते आधी पाहू. आत दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो इतका जादा दाब साठला की झाकणावरचे वजन उचलले जाते आणि वाफ बाहेर पडते. त्या दाबाला आतले तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. शिट्ट्या मोजणे म्हणजे वेळ मोजणेच, पण त्या वेळेत ज्योतीची धग, कुकरचा आकार आणि आतल्या पाण्याचे प्रमाण असे सगळेच मिसळलेले असते. म्हणूनच एका घरच्या तीन शिट्ट्या दुसऱ्या घरच्या तीन शिट्ट्यांसारख्या नसतात, आणि सूनबाई नव्या बिऱ्हाडात गेल्या की पहिले काही दिवस भात कधी गिचका होतो, तर कधी त्यात कणी राहते.

इलेक्ट्रिक कुकरमध्ये हे काम संवेदक करतो. ठरलेला दाब आला की तो तापकाची वीज तोडतो आणि दाब उतरू लागला की पुन्हा जोडतो. झाकणावरची छोटी पिन एकदा वर आली की वाफ जवळजवळ बाहेर जातच नाही. बहुतेक यंत्रांत आतला जादा दाब गॅसच्या कुकरपेक्षा थोडा कमी, म्हणजे ७० ते ८० किलोपास्कल (दर चौरस सेंटीमीटरला पाऊण किलोच्या आसपास) एवढा असतो, आणि तापमान ११५ अंशांच्या जवळपास राहते. पाच अंशांचा हा फरक भाताच्या दृष्टीने फारसा मोठा नाही. खरा फरक पडतो तो बाहेर न जाणाऱ्या वाफेमुळे, आणि तो पाण्याच्या हिशेबात दिसतो.

भाताला लागणाऱ्या पाण्याचे दोन भाग असतात. एक भाग तांदूळ पितो आणि दुसरा वाफ होऊन जातो. तांदूळ जे पाणी पितो ते तांदळाच्या प्रमाणात असते. पांढऱ्या तांदळाला साधारण त्याच्याच मापाइतके पाणी पुरते, आणि मऊ भात हवा असेल तर थोडे अधिक. वाफ होऊन जाणारे पाणी मात्र तांदूळ किती आहे यावर ठरत नाही, तर भांड्याचे तोंड किती रुंद आहे, झाकण किती घट्ट आहे आणि आच किती वेळ चालू आहे यावर ठरते. त्यामुळे उघड्या पातेल्यात एका वाटीला दोन वाट्या पाणी लागत असले तरी चार वाट्यांना आठ लागत नाही. हे आपल्या आज्यांना कोणत्याही सूत्राशिवाय ठाऊक होते. तांदळावर बोटाचे एक पेर पाणी ठेवायचे, हा त्यांचा नियम पाहा: दाण्यांच्या फटींत शिरलेले पाणी तांदळाबरोबर वाढते, आणि वरचे पेरभर पाणी, म्हणजे वाफेचा वाटा, तेवढेच राहते. फार सुंदर नियम आहे तो.

पण नेमका तोच नियम या यंत्रात घात करतो. सहा लिटरच्या यंत्राचे आतले भांडे सुमारे २२ सेंटीमीटर व्यासाचे असते. त्यात दोन वाट्या तांदूळ टाकले तर तळाला जेमतेम पातळ थर होतो, आणि त्यावर पेरभर म्हणजे अडीच सेंटीमीटर पाणी ठेवायचे म्हटले तर ते जवळजवळ एक लिटर भरते. वाफ तर बाहेर जाणार नाही, मग ते पाणी जाणार कुठे? ते सारे भातात उतरते आणि आपण यंत्राला नावे ठेवतो. या यंत्रात बोट बाजूला ठेवून वाटीनेच मोजावे. यंत्राबरोबर येणारा प्लास्टिकचा पेला बहुधा १८० मिलिलिटरचा असतो, आणि पाककृतींमधला कप पुष्कळदा २४० मिलिलिटरचा. त्यामुळे तांदूळ एकाने आणि पाणी दुसऱ्याने मोजू नये, एवढे पथ्य पाळले की पुरे. रोवळीत निथळलेल्या तांदळाच्या अंगचे पाणीही या हिशेबात धरावे लागते. नीट निथळले नसतील तर मोजलेल्या पाण्यातून दोन-तीन चमचे कमी करावेत.

आता प्रमाणे सांगतो. ती आरंभबिंदू म्हणून घ्यावीत आणि पुढे आपापल्या घरच्या चवीप्रमाणे बदलावीत. अर्धा तास भिजवून निथळलेल्या बासमतीला वाटीस वाटी पाणी आणि जास्त दाबावर चार मिनिटे. कोलमला सव्वा वाटी पाणी आणि पाच ते सहा मिनिटे. इंद्रायणीबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, इगतपुरी आणि घोटीकडे, हाच तांदूळ मोठ्या प्रमाणावर होतो आणि नाशिकच्या बहुतेक घरांत वरणाबरोबर तोच लागतो. आंबेमोहोराच्या संकरातून आलेले हे वाण मुळात चिकट आहे. त्याचा दाणा दाबाखाली लवकर फुलतो आणि त्याचा स्टार्च लवकर पाण्यात उतरतो. मोकळ्या भाताचा आग्रह धरणाऱ्यांनी त्याला वाटीस वाटी पाणी घालून चार मिनिटे द्यावीत. माझे मत विचाराल तर इंद्रायणीकडून फडफडीत भाताची अपेक्षा करणेच चूक आहे; तूप आणि मेतकूट घालून खायचा तो तांदूळ आहे, त्याला दीड वाटी पाणी घालून मऊच करावा. त्यातही दिवाळीनंतर बाजारात येणारा नवा तांदूळ असेल तर पाव वाटी पाणी कमी घालावे, कारण नव्या दाण्याला पाणी कमी लागते. जुना तांदूळ जास्त पाणी पितो आणि मोकळाही होतो. हातसडीच्या, कोंडा राखलेल्या तांदळाला सव्वा ते दीड वाटी पाणी आणि वीस-बावीस मिनिटे लागतात. कोंड्याच्या थरातून पाणी आत शिरायला वेळ लागतो, हे त्याचे साधे कारण.

आता मिनिटांविषयी. पडद्यावर आपण पाच मिनिटे लावतो तेव्हा यंत्र ती पाच मिनिटे दाब आल्यानंतर मोजू लागते. त्याआधी पाणी तापून पिन वर यायला आठ-दहा मिनिटे जातात, आणि तांदळाचा स्टार्च साठ ते ऐंशी अंशांच्या दरम्यानच फुलू लागत असल्याने तेवढ्या वेळात शिजण्याचे काम बरेच पुढे गेलेले असते. वेळ संपल्याची टिटी वाजली तरी आतले तापमान शंभराच्या वरच असते. म्हणजे शिजणे चालूच असते. मला आज मुख्यतः हेच सांगायचे आहे की या यंत्रात वाफ मुरण्याची दहा मिनिटे पडद्यावरच्या पाच मिनिटांइतकीच कामाची असतात, आणि बिघडलेल्या भातांपैकी पुष्कळसे तिथेच बिघडतात. टिटी वाजताच घाईने व्हॉल्व्ह उघडला तर दाब एकदम उतरतो, दाण्यांतले पाणी एकाच वेळी उकळून दाणे फुटतात, आणि पिठूळ फेस व्हॉल्व्हमधून उसळून ओट्यावर पसरतो. दहा मिनिटे काही करू नये. मग उरलेली वाफ सोडून झाकण उघडावे, दोन मिनिटे भात तसाच राहू द्यावा आणि कालथ्याने कडेकडेने उलथावा.

वेळेवरून नाशिकच्या उंचीचा प्रश्न निघतो. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि उघड्या भांड्यात पाणी इथे ९८ अंशांना उकळते; वणीच्या गडावर ते आणखी एक-दोन अंश कमी. बंद यंत्रात हा फरक इतका थोडा उरतो की परदेशातल्या पाककृतीतली मिनिटे इथे बदलण्याची गरज नाही.

दुकानात राइस कुकर आणि इलेक्ट्रिक प्रेशर कुकर शेजारी मांडलेले असतात आणि लोक त्यांना एकच समजतात. जपानमध्ये तोशिबा कंपनीने १९५५ साली विजेचा राइस कुकर बाजारात आणला, त्यात दाब नव्हता; पाणी आटले की भांड्याचे तापमान शंभराच्या वर जाते, एवढ्यावरून तो आपोआप बंद होत असे. दाबाच्या यंत्राला ही खूण उपयोगाची नाही, कारण त्यात पाणी असतानाच तापमान शंभराच्या वर असते. विजेच्या प्रेशर कुकरचे पेटंट चीनमध्ये १९९१ साली मागितले गेले, आणि २०१० साली कॅनडातून आलेल्या इन्स्टंट पॉटने तो जगभर घरोघरी नेला. पाण्याची प्रमाणे मात्र राइस कुकरची आणि याची वेगळी, हे विसरू नये.

मसालेभात करणाऱ्यांना पडद्यावर ‘बर्न’ ही अक्षरे दिसून दचकायला होते. तोंडली परतताना, गोडा मसाला घालताना तळाला काहीतरी चिकटते, तिथे उष्णता साठते आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी तापणे थांबवते. तांदूळ परतून झाल्यावर मोजलेल्या पाण्यातले थोडे गरम करून आधी ओतावे, लाकडी कालथ्याने तळ खरवडून मोकळा करावा, आणि मगच उरलेले पाणी घालून झाकण लावावे.

एकट्यादुकट्याच्या घरात अर्धी वाटी तांदूळ थेट भांड्यात लावता येत नाही, कारण दाब तयार व्हायला यंत्राला तळाशी साधारण पेलाभर पाणी लागतेच. अशा वेळी तळाला पाणी घालून जाळी ठेवावी आणि तिच्यावर आपला नेहमीचा कुकरचा डबा. डब्यातल्या तांदळाला सव्वापट पाणी आणि दोन-तीन मिनिटे जास्त द्यावीत. तूरडाळ तासभर भिजवली असेल तर दुसऱ्या डब्यात तीही याच वेळात शिजते.

उशिरा सुरू होण्याची सोय या यंत्रात असते, पण उन्हाळ्यात तिचा उपयोग जपून करावा. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळीशीला टेकतो. रात्री भिजवून ठेवलेले तांदूळ सकाळपर्यंत आंबूस होतात. शिजलेला भात बंद यंत्रात गार होऊ देणे त्याहून वाईट, कारण बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजूनही जिवंत राहतात आणि कोमट भातात वाढतात. ‘कीप वॉर्म’ चालू ठेवले तर भात साठ अंशांच्या वर राहतो; फोडणीच्या भातासाठी ठेवायचा असेल तर परातीत पसरून लवकर गार करावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा.

वीज गेली तर काय, असे कोणीतरी विचारणारच, म्हणून तेही सांगतो. पिन वर आल्यानंतर वीज गेली असेल तर झाकणाला हात लावू नये. साठलेल्या उष्णतेवर पंधरा-वीस मिनिटांत पांढरा भात बहुधा होऊन जातो. पिन वर येण्याआधीच गेली आणि लवकर येण्याची चिन्हे नसतील, तर तांदूळ पाण्यासकट पातेल्यात काढावेत, वाटीभर पाणी वाढवावे आणि गॅसवर झाकून मंद आचेवर शिजवावेत. यंत्रातले भांडे मात्र गॅसवर ठेवू नये. त्याचा तळ वाकडा झाला की तापकावर ते पुन्हा नीट बसत नाही.