पहिल्या गोळीआधीची वही

(दृश्य: नागपुरातल्या धंतोलीतलं एक स्वयंपाकघर, सकाळ)

फ्रीजवर मेसालामाईनची, म्हणजे आतड्याची सूज उतरवणाऱ्या गोळ्यांची, पट्टी पडून आहे. दहाही गोळ्या जागच्या जागी. शेजारी पाकिटातला माहितीचा कागद, पुन्हा पुन्हा उलगडून चुरगळलेला. अल्सरेटिव्ह कोलायटिसचं, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याच्या आजाराचं, निदान झालं, कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) सोसली, औषधही आणलं. आणि नेमका इथे येऊन हात थांबतो. एकदा सुरू केली की जन्मभर का? किडनीवर तर जाणार नाही?

ही भीती खुळी नाही. कागदावर डोकेदुखी आणि किडनीची सूज एकाखाली एक छापलेली असते, म्हणून दोन्ही सारखीच जवळ वाटतात. किडनीला त्रास क्वचित होतो. तो वेळीच कळावा म्हणूनच सुरुवातीला रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा घटक) तपासतात आणि पुढेही ठरावीक काळाने तपासत राहतात. पहिला आकडा आणि पुढच्या तपासणीची तारीख चिठ्ठीवरच लिहून घ्या.

गोळीआधी एक वही करा. दिवसातून किती वेळा शौचाला जावं लागलं, रक्त पडलं का, आव पडली का, मुरडा किती, रात्री कितीदा उठलात. गेल्या तीन दिवसांचं आठवून लिहिलं तरी चालेल; वहीपायी औषध लांबवू नका. कोलायटिसचं पोट आधीच बिघडलेलं असतं, त्यात काळजीनेही आतड्यांची हालचाल वाढते. नोंद नसली की तिसऱ्या दिवशीचा मुरडा गोळीच्या नावावर जातो आणि गोळी सुटते.

सुरुवात सोमवारी-मंगळवारी केलेली बरी. शनिवारी रात्री शंका आली तर रविवारी ओपीडी बंद असते.

(दृश्य: तळहातावर एक गोळी, अगदी जवळून)

हे वरचं आवरण मुद्दाम केलेलं आहे. बऱ्याच गोळ्यांचं आवरण जठरातल्या आम्लात टिकतं आणि लहान आतड्याच्या शेवटी, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) ७ च्या आसपास गेला की विरघळतं. गोळी फोडून दह्यात कालवली तर औषध मोठ्या आतड्यापर्यंत पुरेसं पोचतच नाही. शौचात रिकामं टरफल दिसलं तर घाबरू नका. अख्खी गोळी वारंवार दिसली तर डॉक्टरांना सांगा. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. थोड्या लोकांना हेच औषध सोसत नाही: पहिल्या काही आठवड्यांत ताप येतो, मुरडा आणि रक्ताचे जुलाब वाढतात. आजारच उसळला असं वाटून कुणी स्वतःच डोस वाढवतं. तसं करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. दिवसातून सहा किंवा जास्त रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप किंवा नाडी ९० च्या वर असेल, तर फोनवर वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.

एनिमा, म्हणजे गुदद्वारातून आत सोडायचं पातळ औषध, लिहून दिला असेल तर लाज आणि भीती एकदमच येतात. झोपण्याआधी शौचाला जाऊन या. बाटली कोमट पाण्यात ठेवून हलवा; डिसेंबरातल्या गार रात्री थंड औषध आत गेलं की लगेच कळ येते. डाव्या कुशीवर, डावा पाय सरळ, उजवा गुडघा पोटाशी. खाली जुनी चादर, कारण डाग पडतात. बाटली हळूहळू दाबा आणि अर्धा तास तसंच पडून राहा. सुरुवातीला औषध टिकत नाही, कारण सुजलेलं गुदाशय थोडंसुद्धा धरून ठेवत नाही. सूज उतरली की टिकतं.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. स्कूटरच्या डिक्कीत किंवा उन्हातल्या गाडीत पट्टी ठेवू नका. डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणू नका, त्यांनी कोलायटिस उसळू शकतो. पॅरासिटामॉल चालतं का, ते आधीच विचारून ठेवा.

एवढं करूनही गोळी हातात घेतली की छाती धडधडते, झोप उडते, असं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

पुढच्या भेटीला वही सोबत न्या. गोळी चुकली त्या दिवसांवरही खूण करा. तेवढं लपवलं तर औषध लागू पडत नाही असं समजून डॉक्टर त्याहून जड औषध लिहितील.