लाल खडा, निळा खडा

[दृश्य: बडोदे, दांडिया बाजार. जुन्या घरातला झोपाळा, मागे काचेचं कपाट.]

ह्या कपाटात चांदीच्या गणपतीशेजारी एक छोटी बाटली आहे. पूर्वी तिच्यात होमिओपॅथीच्या गोळ्या असायच्या. आता आत एक खडा आहे, तुरीच्या दाण्याएवढा, तपकिरी, खरखरीत. माझ्या काकांचा मुतखडा. 1994 साली ऑपरेशन करून काढलेला. काकूनं आधी डॉक्टरांना विचारलं होतं, "औषधानं विरघळणार नाही का हो?" ते म्हणाले, "कशाचा आहे ते काढून तपासल्यावरच नक्की कळेल." तपासला, तर यूरिक ॲसिडचा निघाला. विरघळणाऱ्या जातीचा!

गुजरातेत मुतखडा घरोघरी. म्हणून ही गोष्ट मला सांगायचीच होती.

न कापता खडा ओळखता येईल असं गणित 1976 सालीच छापून आलं होतं. लिहिणारे दोघे, रॉबर्ट अल्वारेझ हा विद्यार्थी आणि त्याचे सर अल्बर्ट माकोव्स्की. सर डॉक्टर नव्हते. अमेरिकेत स्टॅनफर्डला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकवायचे.

[दृश्य: कलाभवनाची इमारत, मग प्रयोगशाळेतला ऑसिलोस्कोप.]

सयाजीराव महाराजांनी 1890 साली सुरू केलेलं हे कलाभवन. दादासाहेब फाळके चित्रकला शिकायला इथेच आले होते. मी शिकलो ते इलेक्ट्रिकल. टीव्हीच्या प्रॅक्टिकलला, सिग्नलची लाट दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर हिरवा जिना उमटायचा आणि प्रत्येक पायरीवर दाट, थरथरतं गवत उगवल्यासारखं दिसायचं. आमचे सर सांगायचे, "जिना म्हणजे उजेड, गवत म्हणजे रंग. दोन्ही एकाच तारेतून आलेत. आता वेगळे करा."

माकोव्स्कींनी आयुष्यभर हेच केलं, असं मला वाटतं. एकात मिसळलेलं वेगळं केलं.

जन्म 1929 चा, न्यूयॉर्कचा. 1950 साली पदवी घेतली आणि आरसीए ह्या अमेरिकन रेडिओ-टीव्ही कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. रंगीत टीव्ही घडत होता तो हाच काळ. पुढे काही वर्षं शिकवलं, मग संशोधन संस्थेत गेले. रंगीत कॅमेऱ्यात तेव्हा लाल, हिरव्या, निळ्या रंगासाठी उजेडाचा सिग्नल करणाऱ्या वेगवेगळ्या नळ्या असत. कॅमेरा अवजड, किंमतही तशीच. माकोव्स्कींनी एकाच नळीपुढे बारीक रंगीत पट्ट्यांची जाळी बसवली. लालसाठीच्या पट्ट्या एका तिरकसपणानं, निळ्यासाठीच्या दुसऱ्या. त्यामुळे नळीतून निघणाऱ्या सिग्नलमध्ये लाल एका कंप्रतेवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीवर बसला, निळा दुसऱ्या. पुढचं काम एकेक कंप्रता वेगळी गाळणाऱ्या फिल्टरचं. घरगुती व्हिडिओ कॅमेरा शक्य झाला त्यात ह्या युक्तीचा वाटा मोठा आहे.

एवढं यश हातात असताना, बेचाळिसाव्या वर्षी, 1971 मध्ये हा माणूस वैद्यकातल्या प्रतिमांचं शास्त्र शिकायला गेला. त्याच वर्षी लंडनमध्ये सीटी स्कॅनवर पहिला रुग्ण तपासला गेला. 1972 मध्ये माकोव्स्की स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले.

[दृश्य: सीटी स्कॅनचा काळापांढरा छेद.]

आता तो 1976 चा लेख. क्ष-किरण शरीरात मुख्यतः दोन प्रकारे अडतात. एक प्रकार अणूच्या जातीवर फार अवलंबून असतो. कॅल्शियमसारखा जड अणू किरण भराभर गिळतो, पण किरणांची ऊर्जा वाढवली की ही भूक झपाट्यानं मरते. दुसऱ्या प्रकारात किरण इलेक्ट्रॉनवर आपटून विखुरतात. तिथे अणू कुठला, ह्याला फारसं महत्त्व नाही, आणि ऊर्जेनंही फरक हळूहळूच पडतो. साध्या सीटीत ह्या दोन्हींची बेरीज येते. दोन अज्ञातं, समीकरण एक. नववीतल्या मुलालाही कळेल की हे सुटायचं नाही. अल्वारेझ आणि माकोव्स्की म्हणाले, मग दोन वेगळ्या ऊर्जांवर मोजा. दुसरं समीकरण मिळेल.

यूरिक ॲसिडच्या खड्यात कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, हायड्रोजन असे हलके अणू. मुतखड्याच्या दुसऱ्या जातीत कॅल्शियम. दोन मापांत दोघांचं वागणं वेगळं, आणि तिथेच ते पकडले जातात. कागदावरचं हे गणित दवाखान्यांत रुळायला मात्र तीसेक वर्षं गेली. यंत्रं तेवढी वेगवान व्हायला हवी होती.

तोवर माकोव्स्की एमआरआयकडे, म्हणजे चुंबकानं शरीराच्या आतलं चित्र काढण्याकडे, वळले होते. तिथे चुंबकक्षेत्राला उतार देतात, एका टोकाकडून दुसऱ्याकडे ते कमी होत जातं, म्हणजे शरीरातली प्रत्येक जागा आपल्या कंप्रतेवर बोलते. पुन्हा तोच प्रश्न, सगळे एकदम बोलताहेत, कोण कुठून बोलतंय ते ओळखा. 1992 मध्ये त्यांच्या गटानं सर्पिल वाटेनं मापं घेऊन, रुग्णानं एकदा श्वास रोखून धरला तेवढ्यात, धडधडत्या हृदयावरच्या धमन्या टिपल्या. त्यांचे विद्यार्थी ड्वाइट निशिमुरा आणि जॉन पॉली पुढे तिथेच प्राध्यापक झाले.

[दृश्य: स्कॅन सेंटरचा पडदा.]

गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाच्या पाठीत कळ आली. काकांचाच मुलगा. दोन ऊर्जांचा स्कॅन झाला. कॅल्शियमचा खडा असता तर ह्या पडद्यावर निळा दिसला असता. ह्याचा खडा लाल होता.

डॉक्टरांनी लघवीतलं आम्ल कमी करणारं औषध दिलं, तीन लिटर पाणी प्यायला सांगितलं. तीन महिन्यांनी परत सोनोग्राफी केली. खडा नव्हता.

काकू त्या दिवशी झोपाळ्यावर बसून राहिली. मग उठली, कपाट उघडलं, ती बाटली पदरानं पुसली आणि परत गणपतीशेजारी ठेवली.