कॉलेजच्या आधीचा खर्च

(न्यू जर्सीतील मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित)

नमस्कार मंडळी.

ताईबद्दल, म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या बहिणीबद्दल, दहा मिनिटं बोला, असं मला सांगण्यात आलंय. ताईबद्दल मी दहा मिनिटांत आटपलं हे नाशिकला कळलं, तर घरचे विचारतील, बरं नव्हतं का गं? म्हणून ताईबद्दल थोडं आणि तिच्या नावाने आजपासून सुरू होणाऱ्या शिष्यवृत्तीबद्दल जास्त बोलते. तिलाही तेच बरं वाटलं असतं. कौतुक सुरू झालं की ती चहा टाकायच्या निमित्ताने उठायची.

ताई इथे आली ती लग्न होऊन, एच-४ व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या बायकोला मिळतो त्या व्हिसावर. नाशिकची बी.एस्सी., विषय केमिस्ट्री. त्या काळी एच-४वर आलेल्या बाईला नोकरी करताच येत नसे. २०१५ पासून काहीजणींना वर्क परमिट मिळायला लागलं, पण तेही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठराविक टप्प्याला पोचलं तरच. शिकायला मात्र तेव्हाही आडकाठी नव्हती आणि आजही नाही. गंमत म्हणजे हेच अनेकींना माहीत नसतं. आणि माहीत झालं तरी इथल्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदत एच-४ला लागू नाही, म्हणजे सगळा भार घरच्या खिशावर.

ग्रीन कार्ड झाल्यावर ताई पुन्हा शिकली, लॅबमध्ये लागली, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तिचं दुसरं काम, म्हणजे इथे आलेल्या बायकांना त्यांच्या पदवीचे कागद जमवून देणं, मात्र माझ्या फोनवर चालायचं. मी नाशिकच्या एका कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झाले, त्यामुळे मार्कलिस्ट आणि ट्रान्स्क्रिप्ट हे माझं खातं. त्यात महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्याच गावात, म्हसरूळला, दिंडोरी रोडवर. १९९८ साली ते झालं तेव्हापासून नर्सिंग, फिजिओथेरपी, डेंटल, आयुर्वेद या पदव्या तिथल्या. मुलगी कोल्हापूरची असो की अकोल्याची, इथे परीक्षेला बसायचं म्हटलं की कागद नाशिकहून निघणार. आणि नाशिकला मी.

रात्री साडेनऊला फोन वाजायचा. "लिफाफा बंद केला का? शिक्का फ्लॅपच्या जोडावरच पडलाय ना? अर्धा वर, अर्धा खाली हवा. फोटो पाठव." मी फोटो पाठवायची. ती म्हणायची, "शाई पुसट आहे, परत मारून आण." परत मारून आण! जसं काही शिक्का माझ्या पर्समध्येच असतो.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा. आपल्याकडे मार्कलिस्टवर मुलीचं नाव, मध्ये वडिलांचं, शेवटी माहेरचं आडनाव. पासपोर्टवर मध्ये नवरा आणि शेवटी सासरचं आडनाव. काही घरांत लग्नात पहिलं नावसुद्धा बदलतात, म्हणजे तिन्ही शब्द वेगळे. इथल्या तपासणाऱ्याला ही एकच बाई आहे हे पटवायचं तर प्रतिज्ञापत्र, विवाह प्रमाणपत्र, कधी राजपत्रातली नोंद. एकेका कागदाला पैसे, कुरिअरला पैसे, पदवीच्या मूल्यमापनाला, म्हणजे आपली पदवी इथल्या कुठल्या शिक्षणाच्या तोडीची हे ठरवून घ्यायला, वेगळे. नर्सला पुढे एनसीएलएक्स, म्हणजे इथल्या परवान्याची परीक्षा. तिची नुसती नोंदणीच २०० डॉलर. क्लासला जायचं तर गाडी शिकायला हवी आणि पोराला पाळणाघरात ठेवायला हवं. यातल्या गोष्टींना सहसा शिष्यवृत्ती मिळत नाही, कारण शिष्यवृत्ती कॉलेजात प्रवेश झाल्यावर सुरू होते. बायका अडतात त्या प्रवेशाच्या आधी.

नवरे वाईट असतात असं मी म्हणत नाही, आमचे भावजी तर समोरच बसलेत. पण स्वतःची कमाई नसताना अनिश्चित कामासाठी चारशे-पाचशे डॉलर मागायला जीभ उचलत नाही. मग "पुढच्या वर्षी बघू" होतं आणि पदवी कपाटात राहते.

आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या ते आपण शाळेत शिकलो: १८८६, फिलाडेल्फिया. ताई मात्र नेहमी त्याच्या आधीचं सांगायची. १८८३ साली त्या बोटीतून उतरल्या तेव्हा त्यांना घ्यायला त्यांच्या अमेरिकन पत्रमैत्रीण कार्पेंटरबाई आल्या होत्या, आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधी आनंदीबाई राहिल्या त्या त्यांच्याच घरी, इथल्याच रोझेलला. पदवीचं श्रेय कॉलेजला जातं. रोझेलच्या त्या घराचा खर्च कुणी लिहून ठेवला असेल असं वाटत नाही.

तर ताईच्या नावाची शिष्यवृत्ती या आधीच्या खर्चासाठी आहे. ट्रान्स्क्रिप्ट, मूल्यमापन, परीक्षा फी, भाषांतर, ड्रायव्हिंगचे धडे, पाळणाघर. कमिटीत यावरून बरीच खडाजंगी झाली. खजिनदारांचं म्हणणं, पाळणाघराला दिलेले पैसे कॉलेजची फी-पुस्तकं यांच्यासारखे करमुक्त धरत नाहीत, घेणारीच्या उत्पन्नात मोजले जातात. बरोबर आहे. ते अर्जावरच स्पष्ट लिहिलंय, पण पाळणाघर यादीतून काढलेलं नाही.

गुणांची अट नाही. पंधरा वर्षांपूर्वी फर्स्ट क्लास होता की सेकंड, याचा आज काय संबंध? वयाची अट नाही. मराठी असण्याचीही नाही. यावर काहींनी नाकं मुरडली, पण ताईने कागद जमवून दिलेल्यांत एक्वाडोरची एक बाई होती आणि तिच्यासाठी मी काहीच केलं नव्हतं, ताईने गूगलवर भाषांतर करत एकटीने केलं होतं. देशांतर करून आलेली बाई, एवढं पुरे.

आणि एका गोष्टीसाठी मी हटून बसले: अर्जात "तुमच्या संघर्षाबद्दल लिहा" हा प्रश्न नको. मदत मागणारीने आधी रडून दाखवायचं, ही रीत मला पटत नाही. कोणता कागद हवा आणि त्याला किती लागतात, एवढंच विचारलंय. पैसे तिच्याच नावाच्या खात्यात जातील.

मूळ रक्कम आमच्या पंचवटीतल्या घराच्या वाटणीतून आली. ताईच्या अस्थी रामकुंडात सोडल्यावर भावजींनीच विषय काढला, तिच्या हिश्शाचे पैसे मुलांना नकोत, तिच्याच कामाला लावू. मुलांनी स्वतःची भर घातली. घर विकून ते पैसे भारतातून इथे आणण्याची कागदपत्रं हे वेगळंच पुराण आहे, जेवताना विचारा. नाशिकचे आमचे सीए आता माझा फोन उचलत नाहीत.

अर्ज बाहेर चिवड्याच्या टेबलाशेजारी ठेवलेत. नाव पासपोर्टवर आहे तसं लिहा, आणि मार्कलिस्टवर वेगळं असेल तर तेही खाली लिहा. म्हसरूळचं काम असेल तर माझा नंबर मंडळाकडे आहे. नाशिकला रात्री दहानंतर मात्र करू नका, तो हक्क फक्त ताईला होता.